नागपुरात माउंटन बायक : पांदणीपासून स्टार्ट लाइनपर्यंत

"आपल्याकडे डोंगर कुठाय बाप्पा? माउंटन बायक घेऊन करणार काय?" नागपुरात अशी सायकल घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. माझं उत्तर पॅरिसचं आहे. २०२४ च्या ऑलिंपिकमधली माउंटन बायकची शर्यत एलानकूर टेकडीवर झाली. तिचा माथा समुद्रसपाटीपासून २३१ मीटरवर आहे. नागपूर शहर ३०० मीटरच्या वर आहे, म्हणजे ऑलिंपिकचा सर्वात उंच बिंदू आपल्या बर्डीच्या चौकापेक्षा खाली होता. समुद्रसपाटीवरून शर्यत ठरत नाही हे कबूल. चढ किती उभा आणि तो किती वेळा चढायचा, यावर ती ठरते. चार-साडेचार किलोमीटरचा फेरा, दम काढणारे आखूड चढ, दगडगोटे आणि तीव्र वळणं एवढ्या भांडवलावर जगातली सर्वात मोठी शर्यत होत असेल, तर आपल्यालाही रडायला कारण नाही.

आपलं वेगळेपण आहे ते काळी माती, काटे आणि ऊन या तीन गोष्टींत. आल्प्समधले व्हिडिओ बघून सामान घेतलं की या तीन ठिकाणी पैसे वाया जातात. म्हणून सुरुवात दुकानातून न करता जमिनीपासून करू.

आधी जमीन ओळखा

काटोल रोड, कळमेश्वर, हिंगण्याच्या बाजूला टेकाडांवर मुरूम आणि बेसॉल्टचे गोटे, तर खोलगट भागात काळी माती. शेतांमधून जाणाऱ्या पांदणी हाच आपला खरा ट्रेल. बैलगाडी आणि ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वाळून कडक होते. हा आपला सुगीचा काळ. मार्चनंतर मातीला भेगा पडतात. आडवी भेग धक्का देऊन सोडून देते, पण चाकाच्या दिशेनेच गेलेल्या भेगेत पुढचं चाक अडकलं की स्वार हँडलवरून पुढे जातो. एप्रिल-मेमध्ये नजर चाकासमोर न ठेवता आठ-दहा मीटर पुढे ठेवायची सवय याच मातीत लागते.

पावसाळ्यात काळ्या पांदणीकडे फिरकूच नका. ओल्या मातीत शिरल्यावर काही मीटरांतच टायरवर थर चढतो, त्याला गवत आणि तुऱ्हाट्या चिकटतात, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यांच्या) कमानीत गोळा बसतो आणि चाक थांबतं. इथे जोर लावून पायडल मारणं सर्वात महाग पडतं. चिखलासोबत गवत मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागात) ओढलं जातं आणि हँगर तुटतो. हँगर म्हणजे डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दामच कमजोर ठेवलेला असतो. बहुतेक मॉडेलचा हँगर वेगळा, त्यामुळे ऐनवेळी बाजारात शोधून मिळेलच असं नाही. सायकल घेतानाच एक जादा मागून घ्या. आणि चिखलात अडकलात तर उतरा, सायकल उचला, काडीने माती खरवडा आणि बाहेर पडा. पाऊस उघडल्यावर मुरमाची टेकाडं लवकर चालवण्याजोगी होतात. काळ्या मातीला नीट ऊन लागू द्यावं लागतं.

गोरेवाड्याच्या जंगलात, पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्यात "थोडं आत जाऊन येऊ" हा विचार डोक्यातून काढा. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय बिबट आणि वाघही आहेत. शेतातून जाताना धुऱ्यावरून नाही, पांदणीनेच जा. उभ्या पिकात चाक घातलं की पुढच्या वेळी सगळ्याच सायकलवाल्यांना ती वाट बंद होते.

सायकल : कशासाठी पैसे मोजायचे

दुकानात ऐकू येणारं वाक्य असं असतं : "भाऊ, एकवीस गिअर, डबल डिस्क, डबल शॉकअप. अजून काय पायजे?" नुसत्या या यादीवर सायकल ठरवू नका.

गिअर किती यापेक्षा मागच्या दातेरी चकत्यांचा संच फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे विचारा. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतो आणि त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग आतल्या अंगाला राहतं. वजनदार स्वाराने दोन-चार खड्डे घेतले की ॲक्सल वाकतो. कॅसेटच्या फ्रीहबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाला असतं, म्हणून तो टिकतो. दुकानदाराला सांगता आलं नाही तर सर्वात लहान चकतीचे दात मोजा. चौदा भरले तर बहुतेक फ्रीव्हील, अकरा भरले तर कॅसेट. बाकी सगळं नंतर बदलता येतं, पण फ्रीव्हीलवरून कॅसेटवर यायचं तर मागचा हब, म्हणजे जवळजवळ अख्खं चाक बदलावं लागतं.

पुढे एकच चेनरिंग (पायडलपाशी असलेली दातेरी चकती) आणि मागे ११ ते ४६ किंवा ५० दातांची कॅसेट ही मांडणी आपल्या आखूड, उभ्या चढांना जमते. पुढचा डिरेलर नाही म्हणजे चिखल अडकायची एक जागा कमी आणि ऐन चढावर चेन उतरायचं एक कारण कमी.

स्वस्तातला डबल शॉकअप घेऊच नका. मागचा शॉक वजन वाढवतो, बिजागऱ्या धूळ खाऊन सैल होतात आणि पायडल मारताना काही जोर स्प्रिंगमध्ये जिरतो. नागपूरच्या ट्रेलला हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, पुरून उरते. पुढच्या फोर्कमध्ये १०० किंवा १२० मिलिमीटरचा प्रवास (म्हणजे तो तेवढा दबतो), शक्यतो एअर स्प्रिंग, म्हणजे हवेवर चालणारी, आणि ३२ मिलिमीटर किंवा जास्त जाडीच्या नळ्या बघा. २८ मिलिमीटरच्या नळ्यांचा कॉइल, म्हणजे लोखंडी स्प्रिंगचा, फोर्क दगडात लवतो आणि वजनाला अडीच किलोच्या घरात जातो. एअर फोर्क आवाक्यात नसेल तर माझं मत स्पष्ट आहे : रद्दी फोर्कपेक्षा साधा कडक फोर्क आणि रुंद टायर बरा.

फ्रेमची हेडट्यूब (फोर्क जिच्यात बसतो ती पुढची नळी) टेपर्ड, म्हणजे खाली रुंद असेल तर उद्या चांगला फोर्क बसतो. थ्रू-ॲक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा जाड आस असेल तर आणखी उत्तम. चाक २९ इंची घ्या. उंची कमी असेल तर लहान मापाच्या फ्रेमला २७.५. माप तपासायला सायकलवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वात खाली न्या. गुडघा नुसता सरळ झाला की सीटची उंची बरोबर. मग पायाचा चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. उभं राहून आडव्या दांडीला अंग लागत असेल तर ती सायकल तुमची नाही, दुकानदार कितीही "सवय होते" म्हणो.

आणि बजेटमधला पंधरा-वीस टक्के भाग सायकलसाठी धरूच नका. तो हेल्मेट, ट्यूबलेस किट, शॉक पंप (एअर फोर्कमध्ये हवा भरायचा) आणि ॲलन कीला लागणार आहे.

सराटे, बाभूळ आणि सीलंट

इथे जरा थांबतो, कारण नागपुरात सायकल घरात पडून राहण्याचं पहिलं कारण पंक्चर हेच. बाभळीचा काटा लांब, सरळ आणि टायरच्या पार जाणारा. सराटा लहान, चहूबाजूंनी टोकदार. कसाही पडला तरी एक टोक वरच. पावसाळा सरला की पांदणीच्या कडेने सराट्याची वेल पसरलेली असते आणि एका थांब्यात दहा-बारा काटे टायरला लागतात. साध्या ट्यूबचा त्यापुढे निभाव नाही.

उपाय ट्यूबलेसचा. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेस रेडी असावेत. रिममध्ये टेप ताणून, सुरकुती न पडू देता बसवा, प्रेस्टा व्हॉल्व्ह घट्ट करा, टायर चढवा, आणि २९ बाय २.२ च्या टायरमध्ये ८० ते १०० मिलिलिटर सीलंट (आतून भोक बुजवणारा द्रव) ओता. मग कंप्रेसरने झटक्यात हवा मारा. टायर रिममध्ये बसताना "टक्‌ टक्‌" असा मोठा आवाज येतो, त्याला घाबरू नका. नंतर चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी हलवा, म्हणजे सीलंट कडेपर्यंत पोचतं.

बाटलीवर लिहिलेली मुदत थंड देशातली समजा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सीलंटमधलं पाणी लवकर उडतं आणि आत रबराची साय उरते. उन्हाळ्यात दर सहा आठवड्यांनी तपासा आणि सायकल गच्चीवर किंवा बंद कारच्या डिकीत ठेवू नका.

ट्रेलवर सराटा दिसला तर काढा आणि ती जागा खाली येईल असं चाक फिरवा. सीलंट तिथे जमून भोक बुजतं. दगडाने टायर कापला गेला तर प्लग, म्हणजे चिरेत बसणारी रबरी पट्टी, खोचा. तेही जमलं नाही तर ट्यूब टाकावी लागते, आणि लोक फसतात ते इथेच. ट्यूबलेस टायरमध्ये आतापर्यंत बुजलेले सगळे काटे आतून टोक काढून बसलेले असतात. नवी ट्यूब तशीच घातली तर पंप बाजूला ठेवायच्या आधी ती बसते. टायरच्या आतून रुमाल फिरवा (बोट नको, रक्त निघतं), रुमाल अडेल तिथला काटा चिमट्याने ओढा आणि मगच ट्यूब घाला.

हवा किती? सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढे २२ आणि मागे २४ पीएसआयपासून सुरुवात करता येते. ट्यूब असेल तर सात-आठ जास्त, नाहीतर रिम आणि दगडात चिमटून ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात. पेट्रोल पंपावरचा गेज या आकड्यांना भरवशाचा नाही. छोटा डिजिटल गेज घ्या. हिवाळ्यात पहाटे १२ अंशांना भरलेल्या टायरमध्ये दुपारी ३० अंश झाले की दोनेक पीएसआय आपोआप वाढतात. पहाटे चिकटून वळणारी सायकल दुपारी मुरमावर घसरायला लागते ती त्यामुळे.

फोर्क आपल्या वजनाला लावा

एअर फोर्क विकत घेऊन दुकानातल्या हवेवरच वर्षभर चालवणारे खूप आहेत. लावायला दहा मिनिटं लागतात. एक मित्र आणि शॉक पंप हवा.

फोर्कच्या नळीवर रबरी रिंग असते. नसेल तर छोटी केबल टाय बांधा. लॉकआउट (फोर्क कडक करणारी कळ) उघडा. शर्यतीला जाताना जे अंगावर असेल ते सगळं घाला, पाण्यासकट. मित्राला मागचं चाक पायात धरायला सांगा, पायडलवर उभे राहा, गुडघे-कोपर मोकळे. दोनदा हलके दाबून स्थिर व्हा. मित्राने रिंग खाली सरकवायची आणि तुम्ही न झुलता उतरायचं. १०० मिलिमीटरच्या फोर्कवर रिंग वीस मिलिमीटर वर राहिली तर काम झालं. दहाच राहिली तर हवा पाच पीएसआयने कमी करून पुन्हा बघा. तीस राहिली तर वाढवा.

मग रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग. पेव्हरच्या पायरीवरून उतरून बघा. हँडल एकदाच वर येऊन थांबलं तर बरोबर, उसळी मारत राहिलं तर नॉब कासवाच्या चित्राकडे दोन घरं फिरवा.

ब्रेक

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेकच घ्या. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात या खेळाच्या सुरुवातीच्या एका उतारशर्यतीचं नाव 'रीपॅक' पडलं होतं, कारण खाली पोचेपर्यंत कोस्टर ब्रेकच्या (पायडल उलटं दाबून लागणाऱ्या) हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि दरवेळी ते नव्याने भरावं लागायचं. आपण तिथून बरेच पुढे आलोय, पण केबल ओढणाऱ्या स्वस्त डिस्कवर बोटं तशीच दुखतात. नवे पॅड बसवले की मोकळ्या रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन, चाक लॉक न करता हळू व्हा. त्यानंतरच ब्रेक चावायला लागतो. शिमानो कंपनीच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. डॉट फ्लुइड (मोटरसायकलच्या ब्रेकचं) घातलं तर आतली सील्स खराब होतात, त्यामुळे मोटरसायकलच्या मेकॅनिककडून ब्लीडिंग (तेल बदलून आतली हवा काढणं) करून घेताना बाटली स्वतः बघा.

दुचाकीच्या वॉशिंग सेंटरवर सायकल नेऊ नका. प्रेशरचं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, आणि शेवटी चमक यावी म्हणून जो डिझेलचा फवारा मारतात तो रोटरवर बसला की पॅड फेकूनच द्यावे लागतात. बादली, ब्रश आणि थोडा भांडी घासायचा साबण पुरतो. चेनला जुनं इंजिन ऑइल लावायची पद्धत धुळीच्या गावात घातकच. वॅक्स किंवा ड्राय ल्यूब लावा, पुसा, पुन्हा पुसा.

अंगावर आणि सोबत

ईएन १०७८ किंवा सीपीएससी या सुरक्षा मानकाचं लेबल असलेलं हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे (बोरीच्या फांद्या कुणाला सोडत नाहीत), पारदर्शक चष्मा, सपाट तळाचे बूट आणि पिना असलेले फ्लॅट पायडल. क्लिपचे बूट पहिल्या वर्षी नकोत. उंच मोजे घाला, कुसळं कमी टोचतात. पिशवीत ट्यूब, प्लग, पंप, मल्टिटूल, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी), हँगर आणि चिमटा.

एप्रिल ते जून पहाटे साडेपाचला निघून आठच्या आत घरी या. तासाला पाऊण लिटर पाणी धरा, त्यातल्या एका बाटलीत लिंबू, साखर, मीठ किंवा ओआरएस. घाम येणं थांबलं आणि थंडी वाजल्यासारखं झालं तर राइड संपली. सावली गाठा, डोक्यावर पाणी ओता, फोन करा.

कोणती शर्यत

क्रॉस कंट्री ऑलिंपिक, म्हणजे एक्ससीओ, १९९६ च्या अटलांटापासून ऑलिंपिकमध्ये आहे. चार ते सहा किलोमीटरचे फेरे, एलिट गटाला साधारण ८० ते १०० मिनिटं. मॅरेथॉन, एक्ससीएम, ६० ते १६० किलोमीटरची. डाउनहिल म्हणजे एकट्याने, घड्याळाविरुद्ध, काही मिनिटांचा उतार. एंड्युरोत फक्त उतारांचा वेळ मोजतात. २००५ मध्ये सुरू झालेल्या एमटीबी हिमालयने अनेक दिवसांच्या टप्प्यांची शर्यत आपल्याकडे रुजवली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळातल्या पोनमुडीला आशियाई माउंटन बायक स्पर्धा झाली. सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाची राष्ट्रीय माउंटन बायक स्पर्धा वेगळी भरते; तिथला रस्ता राज्य संघटनेच्या निवडीतून जातो. गट ठरवताना वाढदिवस बघत नाहीत, चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करतात. सतरा-अठरा भरले तर ज्युनियर.

नागपूरच्या माणसाने एक्ससीओपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. इथलं सायकलवेड बरंचसं रस्त्यावरचं आहे. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली, आणि आपल्या ग्रुपमध्ये गप्पा चालतात त्या दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइडच्या. ते पाय मॅरेथॉनला कामी येतील, पण एक्ससीओत पहिल्या मिनिटालाच छाती फुटते आणि पुढे दीड तास ती तशीच राहते. ही सवय लांब राइडने लागत नाही.

तयारी

सेमिनरी हिल्सचे आखूड चढ यासाठी उत्तम. पहाटे, फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आधी, दीड-दोन मिनिटांचा चढ पूर्ण जोराने सहा वेळा, मध्ये तेवढीच विश्रांती. आठवड्यातून एकदा पुरे. दुसऱ्या दिवशी एखाद्या रिकाम्या प्लॉटवर कसब : अर्धी वीट ठेवून पुढचं चाक उचलणं, दोन बाटल्यांमधून आठाचा आकडा काढणं, सीट खाली करून पायरी उतरणं. रविवारी पांदणीने दोन-तीन तास, बोलता येईल अशा गतीने. घाट अंगवळणी पाडायचा असेल तर परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढा. तो डांबरी आहे, पण एवढा सलग चढ आपल्याला जवळपास दुसरीकडे नाही. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात अंतर निम्मं करा आणि नवीन पार्ट एकही लावू नका.

शर्यतीचा दिवस

आदल्या दिवशी ट्रॅकवर जा. पहिला फेरा पायी. प्रत्येक अवघड दगडाशी थांबा आणि दोन वाटा बघून ठेवा : जोमात असतानाची आणि थकल्यावरची. शेवटच्या फेऱ्यात दुसरीच लागते. मग सायकलवर सावकाश एक फेरा, आणि अवघड तुकडे तेवढे पुन्हा शर्यतीच्या वेगाने.

सकाळी टायरची हवा पुन्हा बघा, कारण रात्रीत तापमान उतरलेलं असतं. नंबर प्लेट कापू किंवा दुमडू नका. वीस मिनिटं वॉर्म-अप करा, त्यात दोन-तीन जोरदार धावा हव्यातच; थंड पायांनी सुटलेला माणूस पहिल्या अरुंद वाटेच्या तोंडाशी मागे अडकतो आणि तिथून पुढे यायला अख्खा फेरा जातो. शिट्टीच्या आधी मधला गिअर टाकून ठेवा.

ओव्हरटेक करताना "उजवीकडून!" असं ओरडा आणि समोरच्याच्या उत्तराची वाट बघा. ट्रॅकच्या कडेला लावलेल्या टेपच्या बाहेर गेलात तर जिथून गेलात तिथूनच आत या. बाटली फक्त फीड झोनमध्ये, म्हणजे त्यासाठी ठरवलेल्या जागीच घ्या. मोठ्या स्पर्धांत ८० टक्क्यांचा नियम असतो : आघाडीच्या स्वाराचा पहिला फेरा १५ मिनिटांचा असेल आणि तुम्ही त्याच्या १२ मिनिटं मागे पडलात, तर पंच बाहेर काढतात. नवख्याला हे होणारच. निकालात किती फेरे झाले ते लिहून येतं, पुढच्या वेळी एक जास्त.

पंक्चर झालं तर घाई करून टायर लिव्हर मोडू नका. पॅरिसला ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक शर्यतीच्या मध्यात बसलं, टेक झोनमध्ये (दुरुस्तीसाठी ठरवलेल्या जागी) ते बदलण्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त गेलं, आणि तरी सुवर्ण त्यालाच मिळालं. त्याने तो तोटा एका चढावर नाही, पुढच्या फेऱ्यांत थोडा थोडा करून भरून काढला. तुमच्याकडे टेक झोनमध्ये जादा चाक नसेल, म्हणून प्लगचं हत्यार आधीच भरून फ्रेमला टेपने चिकटवून ठेवा.

घरी आल्यावर जेवायच्या आधी सायकल धुवा. सुकलेली काळी माती दुसऱ्या दिवशी निघता निघत नाही. हेडट्यूब आणि बॉटम ब्रॅकेटपाशी (पायडलचा आस बसतो तिथे) फ्रेमला चीर नाही ना बघा. चेनची झीज मोजणारा चेनगेज लावा : अकरा-बारा स्पीडच्या चेनमध्ये ०.५ दाखवलं की नवी चेन, नाहीतर कॅसेटही बदलावी लागेल. शेवटी चाक कानाशी धरून हलवा. आत सीलंटची खळखळ ऐकू आली नाही तर व्हॉल्व्हचा कोर काढून साठ मिलिलिटर भरा.